संमतिपत्रातलं मराठी

नोकरीत असताना मी रोज आठ-दहा पानं मराठी लिहीत होते आणि ते कुणी वाचेल अशी माझ्यासकट कुणाचीही अपेक्षा नव्हती. एका सरकारी कार्यालयाच्या अनुवाद शाखेत मी होते. इंग्रजीत आलेलं परिपत्रक मराठीत करायचं, त्यावर साहेबांची सही घ्यायची आणि फाइलला लावायचं. ज्याला त्या परिपत्रकाची खरोखर गरज असे, तो येऊन इंग्रजी प्रत मागून नेई. मराठी प्रत मागायला माझ्या आठवणीत एकच माणूस आला, आणि त्याला ती पाठकोरी असल्यामुळे हवी होती.

वसईला आम्ही नव्वदीच्या सुरुवातीला राहायला आलो. नवरा रत्नागिरीकडचा, मी सांगलीकडची, आणि वसई दोघांच्याही गावांपासून सारखीच गैरसोयीची, त्यामुळे भांडण झालं नाही. इमारत नवी होती. नळाला पाणी येण्याआधी तिथे सोसायटीची कमिटी आली. मी मराठीत काम करते हे कळल्यावर सेक्रेटरींनी पहिली पाटी माझ्याकडूनच लिहून घेतली. जिन्याखाली मासेवाल्या बायका बसत, त्याचा वास वरपर्यंत येई. मी लिहून दिलं, "जिन्यामध्ये मत्स्यविक्रीस सक्त प्रतिबंध करण्यात येत आहे." पेंटरने निळ्या अक्षरांत ते भिंतीवर रंगवलं.

दुसऱ्या दिवशी पाचूबंदरची मावशी टोपली घेऊन आली आणि नेहमीप्रमाणे बरोबर त्या पाटीखाली बसली. पन्नाशी ओलांडलेली ख्रिस्ती कोळीण, आडव्या बांध्याची, आवाज तीन मजले चढणारा. चौथीपर्यंत शिकलेली होती आणि देवळातलं, म्हणजे चर्चमधलं, प्रार्थनेचं पुस्तक वाचायची, म्हणजे तिला वाचता येत नव्हतं असं मुळीच नाही. मी मासे घ्यायला उतरले तेव्हा तिनं मान वर करून विचारलं, "बाय, ह्ये प्रतिबंध म्हंजे?"

"बंदी," मी म्हटलं.

"मंग तसं लिवायचं ना. मला वाटलं प्रबंध केलाय. आमच्या बसायचा."

एवढं बोलून तिनं पुढचा बांगडा कापायला घेतला. बंदी तिथेच भिंतीवर राहिली आणि तीही तिथेच राहिली. पुढे कित्येक वर्षं सेक्रेटरी स्वतः त्या पाटीखाली उभे राहून तिच्याकडून पापलेट घेत, आणि शेपटीकडचं नको म्हणून घासाघीस करत.

नव्वदीच्या अखेरीला मला एक जोडकाम मिळालं. मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात संशोधन चाले. पेशंटचं रक्त किंवा आणखी काही संशोधनासाठी घ्यायचं तर त्याची लेखी संमती हवी, आणि ती त्याला समजेल अशा भाषेत हवी, असा आग्रह तेव्हा नुकता धरला जाऊ लागला होता. रुग्णालयाची एक नैतिकता समिती होती. तिला मराठी येणारा माणूस हवा होता, आणि कुणाच्या तरी ओळखीनं ते बोट माझ्याकडे वळलं.

पहिला कागद आला तो बायकांच्या एका कॅन्सरबद्दलचा. बाईच्या पोटात गर्भाशयाच्या दोन बाजूंना बीजांडं तयार करणारे दोन अवयव असतात, त्यांचा कॅन्सर. शरीराची प्रतिकारशक्ती काम करते तेव्हा तिच्या पेशी काही प्रथिनं सोडतात आणि त्यांच्यामार्फत एकमेकींना खबर देतात. रक्तात आणि पोटात साठलेल्या पाण्यात ती प्रथिनं किती आहेत हे मोजलं, तर कुठल्या बाईचा आजार कसा वळण घेईल हे आधी सांगता येईल का, असा त्या डॉक्टरांचा प्रश्न होता. हे सगळं मी आज लिहिते आहे तसं तेव्हा मला कळलं होतं असं समजू नका. तेव्हा मला फक्त शब्द दिसले. परिभाषाकोश काढला, चष्मा पुसला, आणि शीर्षक केलं, "बीजांडकोशाच्या कर्करोगाने ग्रस्त रुग्णांमधील प्रतिक्षमताजन्य संकेतवाही प्रथिनांचे रोगफलानुमानाच्या दृष्टीने मूल्यांकन."

मला इतका आनंद झाला की मी ते नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. तो म्हणाला, "छान आहे. पण काय झालंय कुणाला?"

आठ पानांचा तो कागद समितीत एकमतानं मंजूर झाला. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते. मराठी किती समृद्ध भाषा आहे यावर ते दहा मिनिटं इंग्रजीत बोलले. नियम असा होता की मराठी मजकुराचा पुन्हा इंग्रजीत अनुवाद करून तो मूळ इंग्रजीशी ताडून पाहायचा. अर्थ कुठे हरवला असेल तर तिथे सापडतो. हा उलटा अनुवाद करायला दुसरा माणूस मिळाला नाही, म्हणून तोही माझ्याकडेच आला. दोन्ही इंग्रजी मजकूर शब्दाला शब्द जुळले. समितीनं माझ्या अचूकतेची इतिवृत्तात नोंद केली.

त्या पावसाळ्यानंतर मावशीचं पोट फुगायला लागलं. आमच्या इमारतीत निदान करणाऱ्यांची कधीच कमतरता नव्हती. पहिल्या मजल्यावरून वात आला, दुसऱ्यावरून गॅस, तिसऱ्यावरच्या एक बाई या वयातही पाळणा हलू शकतो असं कुजबुजून हसल्या. मी ओवा आणि काळं मीठ सुचवलं, त्यामुळे मला इतरांना हसायचा हक्क नाही. मावशीच्या डॉक्टरनंही तीन महिने गॅसच्याच गोळ्या दिल्या. लुगडं घट्ट होतं, चार घास खाल्ले की पोट भरतं, असं ती सांगत राहिली आणि मासे कापत राहिली. शेवटी देवळात रविवारी भेटणाऱ्या एका नर्सनं तिच्या पोटाला हात लावून पाहिला आणि सोमवारी सोनोग्राफीला नेलं. तिथून तिला मुंबईला पाठवलं.

पंधरा दिवस ती आली नाही. मग एका गुरुवारी, मी रजेवर होते, ती जिन्याखाली बसलेली दिसली. टोपली नव्हती. मांडीवर प्लास्टिकची पिशवी आणि तिच्यात कागद.

"बाय, तू हापिसात मराठीच लिवतेस ना? ह्ये वाचून सांग मला. सही करायला दिलंय. सून वाचून थकली."

मी कागद हातात घेतला आणि तो माझाच निघाला.

माणूस आपलं लिखाण छापलेलं पाहून खूश होतो म्हणतात. मला घाम आला. तिनं बोट ठेवून पहिली ओळ स्वतःच वाचली, एकेक अक्षर सुटं करत, प्रार्थना म्हणतात तशी. मग विचारलं, "कोनी लिवलंय गो ह्ये? मानूस व्हता का यंत्र?"

"असतात असे लोक," मी म्हटलं.

"बीजांडकोश म्हंजे?"

मी अवघडून सांगायला सुरुवात केली. बाईच्या पोटात, खाली, दोन बाजूंना, ज्यात अंडी असतात ती. माझ्या आवाजात शाळेतल्या बाई आल्या होत्या.

"गाबोळी," ती म्हणाली.

माशाच्या पोटातली अंड्यांची पिशवी. तीस वर्षं तिनं रोज शेकड्यानं पोटं फाडून ती बाहेर काढली होती.

"मंग गाबोळी लिवायची ना. माज्या गाबोळीला गाठ आलीय, पोटात पानी झालंय, आनि त्ये पानी त्यांना तपासायला पायजे. असंच ना?"

माझी दोन पानं तिनं एका वाक्यात आटोपली होती. मी म्हटलं, असंच. मग तिचं बोट पुढे सरकलं आणि संकेतवाही प्रथिनांवर थांबलं. मी तोंड उघडलं, तेव्हा मला कळलं की ते काय असतं याची मला काहीही कल्पना नाही. मी तो शब्द घडवला होता, त्याचं लिंगवचन तपासलं होतं, आठ पानांत अठरा वेळा वापरला होता.

"मला नाही माहीत मावशी," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे बघितलं, रागानं नव्हे. "तू तर शिकलेली," एवढंच म्हणाली.

तिचा मुलगा तेव्हा बोटीवर होता, आठ-आठ दिवस समुद्रात. सुनेची दोन पोरं लहान. पुढच्या मंगळवारी मी रजा टाकून तिच्याबरोबर रुग्णालयात गेले. ही माणुसकी होती असं इमारतीत सगळे म्हणाले आणि मी ते खोडलं नाही. खरं म्हणजे तो कागद कशीतरी सही होऊन परत जाईल आणि मी सुटेन, असं मला मनातून वाटत होतं. पण मावशी न समजता सही करणाऱ्यांतली नव्हती. म्हणून गेले.

संशोधन करणारी डॉक्टर तिशीतली मुलगी होती, समितीच्या बैठकीत भेटलेली, केस मागे घट्ट बांधलेले. बोलणं मुंबईचं, अर्धं मराठी, उरलेलं हिंदी-इंग्रजी. तिनं मावशीला खुर्ची दिली, मग माझ्याकडे वळून प्रसन्नपणे म्हणाली, "अरे, तुम्ही? मॅडम, फॉर्म तर तुम्हीच ट्रान्सलेट केलाय ना? मग एक्सप्लेन करायला माझी काय गरज?"

खोलीत पंखा फिरत होता. मावशीनं माझ्याकडे तोंड वळवलं.

"तू लिवलंस?"

"हो."

"मंग जिन्यात का नाय सांगितलंस?"

मग तीच म्हणाली, "त्या भिंतीवरचा प्रतिबंध पन तुजाच असल." मी मान हलवली. त्यावर तिनं जे केलं ते मला आजही लागतं. ती हसली, आणि डॉक्टरकडे वळली. माझ्याकडून काही मिळणार नाही हे तिनं ठरवलं होतं.

"तू सांग गो पोरी. ही परथिनं काय करतात?"

डॉक्टरनं टेबलावरचा कागद बाजूला केला. "असं बघा मावशी, बॉडीमध्ये सोल्जर असतात, पेशी. कुठे काही गडबड झाली की ते एकमेकांना मेसेज पाठवतात. निरोप. की इकडे या, इकडे प्रॉब्लेम आहे. ही प्रथिनं म्हणजे ते निरोप."

"म्हंजे बोंब मारतात."

"हां, बोंब. चालेल."

"मंग बोंब मारली तर बरंच ना? राखनदार जागे हायत."

डॉक्टरनं खुर्ची पुढे ओढली. हा प्रश्न समितीतल्या कुणी विचारला नव्हता, मी तर नाहीच. "तसंच वाटतं ना? पण प्रॉब्लेम हा आहे की गाठ पण तेच निरोप पाठवायला शिकते. खोटे. मग सोल्जर येतात आणि मारायच्या ऐवजी तिलाच मदत करतात. म्हणून ज्यांच्या पाण्यात हे निरोप खूप जास्त, त्यांचा आजार जास्त जोरात असेल का, ते बघायचंय."

मावशीनं मान डोलावली. बंदरावर मासळीचा लिलाव होतो, तिथे व्यापारी आपलाच माणूस गर्दीत उभा करून खोटी बोली लावतात, तसला प्रकार दिसतो, असं ती म्हणाली. डॉक्टरला लिलाव कळला नाही. मावशीनं तिला तो सांगितला. बाहेर पेशंटची रांग वाढत होती आणि या दोघी खोट्या बोलीबद्दल बोलत होत्या. मी मध्ये बसले होते, दोन्ही बाजूंचं मराठी येत असलेली एकमेव बाई, आणि कुणाला माझी गरज नव्हती.

"मंग माजा आकडा निघाला का मला सांगनार?"

"नाही," डॉक्टर म्हणाली. "फॉर्ममध्ये आहे ते. नववं कलम."

ते मी असं लिहिलं होतं, "सहभागी व्यक्तीस चाचणीचे निष्कर्ष कळविण्यास संस्था बांधील राहणार नाही."

"माजंच पानी, माज्याच पोटातलं. तुमी वाचनार, आनि मलाच नाय सांगनार?"

"मावशी, सांगितलं तरी मला त्याचा अर्थ सांगता येणार नाही. खरंच. आकडा येईल, पण त्या आकड्याची बाई किती वर्षं जगते हे आत्ता कुणालाच माहीत नाही. खूप बायकांचं बघितलं तर कदाचित कळेल. तुमच्या उपयोगाचं नाही हे."

मावशीनं पदराच्या टोकानं तोंड पुसलं. "ह्ये बरं बोललीस," ती म्हणाली, आणि पेन मागितलं. सही केली. मग सहीच्या खाली, जिथे काहीही लिहायची जागा नव्हती तिथे, मोठ्या अक्षरांत लिहिलं, "पानी घेवा. कळलं का पाठून येनाऱ्या बायांना सांगा."

आठ दिवसांनी तिचं ऑपरेशन झालं. पाणी घेतलं, बाटल्यांत भरलं, खोल थंडीत ठेवलं. आणि मग समिती जागी झाली.

संमतिपत्राच्या मंजूर नमुन्यावर पेशंटनं स्वतःच्या हातानं मजकूर वाढवला होता. असं आजवर झालं नव्हतं. मला त्या ओळीचा अधिकृत इंग्रजी अनुवाद करायला बोलावलं. दुपारची बैठक, लांब टेबल, काकडीची सँडविचेस. मी अनुवाद वाचला. न्यायाधीशांनी डोळे मिटले आणि म्हणाले की ही सशर्त संमती दिसते. "सांगा" हा शब्द आज्ञार्थी आहे, त्यामुळे संस्थेवर बंधन येतं. समितीत सामान्य जनतेचा एक प्रतिनिधी असावा लागतो. आमचा सामान्य माणूस एका विश्वस्ताचा मेहुणा होता. बंगल्यात राहत होता, गाडीतून येत होता. त्यानं काळजीच्या सुरात विचारलं की हे पाणी पिण्याचं आहे का, रुग्णांकडून आपण पाणी का मागवतो. त्याला समजावून सांगण्यात वीस मिनिटं गेली. तेवढ्यात सँडविचेस संपली.

निर्णय असा झाला की बाईंकडून नव्या कोऱ्या नमुन्यावर सही घ्यावी, त्यावर काहीही वाढवलेलं नसावं. डॉक्टर तेव्हा पहिल्यांदा जरा चढ्या आवाजात बोलली. ती म्हणाली, नमुना कुणाला समजतच नाही म्हणून लोक त्यावर लिहितात. यावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग ठराव झाला की अनुवादिकेनं अर्थ न बदलता भाषा सोपी करावी.

मी मसुदा घरी नेला आणि चार दिवस त्याच्याकडे बघत बसले. सोपं लिहायचं म्हणजे आधी समजायला हवं, आणि तिथेच घोडं अडत होतं. शेवटी एका रविवारी कोरे कागद घेऊन पाचूबंदरला गेले.

मावशी घरासमोर बाकड्यावर बसली होती. औषधांच्या दोन फेऱ्या झाल्या होत्या, केस गेले होते, डोक्याला रुमाल. "आता डोकं धुवायला पानी नाय लागत," ती म्हणाली. "तुमच्या बिल्डिंगीत सगळ्यांनाच ह्ये औषध द्या." समोर बांबूंच्या मांडवावर बोंबील वाळत होते. सुनेनं चहा आणला. मी म्हटलं, मावशी, तो कागद पुन्हा लिहायचाय.

"आता कशाला? पानी तर नेलं."

"ते पाणी वापरायचं की फेकायचं, ते या कागदावर आहे."

त्यावर तिनं जी शिवी दिली तिचा अनुवाद समितीनं मागितला असता तर मला देता आला असता. मग ती सांगू लागली आणि मी लिहू लागले. अधूनमधून मी प्रमाण मराठीत वळवायची, ती वाचून दाखवायला लावायची आणि अडखळली की म्हणायची, हितं काटा हाय. काटा काढला जाई. चर्चमधल्या संध्याकाळच्या मिस्सेची घंटा होईपर्यंत आठ पानांची अडीच पानं झाली. "तुमच्या अंगात रोग शिरला की अंगातले राखणदार एकमेकांना निरोप धाडतात. कधीकधी रोगाची गाठच खोटे निरोप धाडते. तुमच्या पाण्यात असे किती निरोप आहेत ते आम्ही मोजणार आहोत." आणि नववं कलम, "तुमचा आकडा आम्ही तुम्हाला सांगणार नाही, कारण त्याचा अर्थ आम्हालाही अजून कळलेला नाही."

हे शेवटचं तिनं दोनदा वाचायला लावलं. "आता खरं बोलले," ती म्हणाली.

समितीत तो मसुदा वाचला गेला. मग न्यायाधीश म्हणाले की निरोप देणे म्हणजे कायमचा निरोप असाही अर्थ होतो, कॅन्सरच्या रुग्णाला हा शब्द कसा चालेल. कुणी संदेश सुचवला. मेहुणे म्हणाले, संदेश ही बंगाली मिठाई. गाबोळी तर वाचता क्षणीच गेली. ती नेमकी कुठल्या जातीच्या माशाची, आणि शाकाहारी रुग्णांच्या भावनांचं काय, असा मुद्दा निघाला. पण सगळ्यात जास्त अडलं ते नववं कलम. संस्थेला कळलेलं नाही असं संस्था कसं लिहून देईल? मी तोवर कुठल्याही बैठकीत प्रश्न विचारल्याशिवाय बोलले नव्हते. त्या दिवशी म्हटलं, "सर, कळलं असतं तर संशोधन कशाला केलं असतं?" न्यायाधीशांनी माझ्याकडे, एखादी खुर्ची बोलल्यावर बघावं तसं पाहिलं.

शेवटी "निष्कर्षांचे वैद्यकीय महत्त्व अद्याप प्रस्थापित झालेले नाही" असं ठरलं. निरोप मात्र राहिला. डॉक्टर त्याच्यावर अडून बसली, पुढच्या बैठकीला दुसऱ्या दोन पेशंट बायकांना घेऊन आली, आणि त्यांच्याकडून तो परिच्छेद सगळ्यांसमोर वाचून घेतला. त्यांना समजला. त्यावर काय आक्षेप घ्यावा हे कुणाला सुचलं नाही.

मंजूर कागद मी मावशीकडे नेला. तिनं चष्मा लावून पूर्ण वाचला.

"यात माजं किती रायलं?"

"पाच-सहा ओळी."

"पुरे. मासा साफ केल्यावर पन तेवढाच रातो," ती म्हणाली आणि सही केली. खाली काही लिहिलं नाही.

ती बरी झाली. म्हणजे तेव्हा आम्ही त्याला बरी होणंच म्हणत होतो. पुढच्या पावसाळ्यानंतर टोपली घेऊन पुन्हा जिन्याखाली येऊन बसली, थोडी वाळलेली, डोक्यावर कुरळे आखूड केस. आमच्या इमारतीला भविष्य सांगायला कुठलंही प्रथिन लागत नसे. तिचा रंग बघून, नखं बघून, चढलेला श्वास ऐकून बायका वर येऊन मुदती सांगत. सेक्रेटरींच्या पत्नींनी दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती, आणि ती इतक्या हळहळीनं की ऐकणाऱ्याला दिवाळी जवळ आल्याचं वाईट वाटावं. दिवाळी झाल्यावर मावशीनं त्यांनाच सुरमई विकली. त्यांनी नाताळ धरला. नाताळही गेला. पुढे त्यांनी बोलणं बंद केलं, पण मासे घेताना त्या तिच्याकडे काहीशा रागानं बघत, शब्द न पाळणाऱ्या माणसाकडे बघतात तसं.

मीही मनात मोजतच होते. तोंडानं बोलले नाही एवढाच फरक.

असे दोन पावसाळे गेले. मग पोट पुन्हा भरू लागलं. या वेळी तिनं कुणाला काही विचारलं नाही. औषधं घेतली, ती लागू पडली नाहीत, आणि एका जानेवारीत ती घरीच वारली. मी दोन दिवस आधी भेटले होते. ती फार बोलत नव्हती. सुनेला बोंबील उलटायला सांग, एवढं माझ्याकडून सांगवलं.

मी डॉक्टरला फोन करून कळवलं. बोलता बोलता विचारलंही, तिचा आकडा काय होता. डॉक्टर म्हणाली, "मला सांगता येत नाही. आणि सांगितला तर तुम्ही काय कराल त्याचं?" मी विचार केला. काहीच केलं नसतं. कदाचित इमारतीत सांगितला असता.

मावशी जाऊन महिना झाल्यावरच्या मिस्सेला डॉक्टर वसईला आली. मी तिला बोलावलं नव्हतं, तिनंच दिवस विचारून घेतला होता. देवळात मागच्या बाकावर बसली, सगळे उठले की उठली, गुडघे टेकले की गोंधळून अर्धवट वाकली. नंतर मी तिला मावशीच्या घरी घेऊन गेले. मुलगा त्या दिवशी किनाऱ्यावर होता. काळासावळा, बोलायला आईपेक्षा फार कमी. त्यानं सरळ विचारलं, "आईच्या पान्याचा काय उपेग झाला?"

मला वाटलं, आता ही संस्थेचं मराठी बोलणार. अद्याप प्रस्थापित वगैरे. ती म्हणाली, "मोजलं. बाकीच्यांचं मोजणं चालू आहे. अजून काही कळलेलं नाही. कळेल की नाही ते पण माहीत नाही."

त्यानं ते ऐकून घेतलं. "कळलं तर सांगा," म्हणाला.

"तुम्हाला?"

"आमाला काय करायचंय. ज्यांना झालंय त्यांना."

सुनेनं चहा दिला, पाव दिला, मग आत जाऊन वाळलेल्या बोंबलांची भरलेली पिशवी आणून तिच्यासमोर धरली. मुंबईपर्यंत वास येईल म्हणून वरून दोन वर्तमानपत्रं गुंडाळली होती, त्यांचा काही उपयोग नव्हता. डॉक्टर शाकाहारी होती, आणि तिच्या घरी कांदाही चालत नसे, हे मला ठाऊक होतं. मी मध्ये पडून काहीतरी सांगणार तोच तिनं दोन्ही हातांनी पिशवी घेतली आणि बोंबील किती वेळ भिजवायचे ते सुनेला विचारलं. सुनेनं सांगितलं. डॉक्टरनं पर्समधून कागद काढला आणि ते लिहून घेतलं.